शाळेचा पट काय सांगतो?

जून उजाडला, की आपल्या खेड्यापाड्यांतील शाळांत नव्या मुलांची नावे घालण्याची धांदल सुरू होते. मागे एकदा अशाच दिवसांत मी ओळखीच्या एका गावी गेलो होतो. तेथील मुख्याध्यापक जनरल रजिस्टर पुढे ओढून बसले होते. मुलाचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ असे एकेक रकाने भरता भरता त्यांचा हात जातीच्या रकान्यापाशी थबकला. मला म्हणाले, "सर, वर्गात आम्ही मुलांना शिकवतो, की आपण सारे एक. आणि शाळेत पाऊल टाकल्याबरोबर त्यांची जात लिहून घेतो. हा रकाना एकदाचा पुसून का टाकीत नाहीत?"

प्रश्न सरळ मनाचा होता. त्याचे उत्तर मला तिथल्या तिथे देता आले नाही. घरी आल्यावर विचार करू लागलो तेव्हा एका फार दूरच्या, पण आपल्यासारख्याच शेतीवाडीच्या मुलखाची गोष्ट आठवली. त्या गोष्टीत शाळेच्या पटावरील साधे आकडे देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि त्या आकड्यांनी एक मोठे ढोंग उघडे पाडले. ती गोष्ट आज आपणांस सांगावयाची आहे.

जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा ते कोणाला अर्पण केले, हे आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक असेल. अमेरिकेतील ज्या सज्जनांनी तेथील कृष्णवर्णीय लोकांना दास्यातून सोडवले, त्यांना ते अर्पण केलेले आहे. गुलामगिरी तेथे १८६५ साली कायद्याने संपली. पण बेडी तुटली म्हणजे शाळेचे दार उघडले, असे काही झाले नाही. दक्षिणेकडील राज्यांनी गोऱ्या मुलांची शाळा वेगळी आणि कृष्णवर्णीय मुलांची वेगळी, असा नियम केला. व्हर्जिनिया राज्याने तर १९०२ सालच्या आपल्या राज्यघटनेतच तसे लिहून ठेवले. दोन्ही शाळा समान असल्या म्हणजे वेगळ्या असण्याला हरकत नाही, असे त्या काळचे न्यायालयही म्हणत असे.

समान म्हणजे किती समान, हे पाहावयाचे असेल तर दक्षिण कॅरोलायना राज्यातील क्लॅरेंडन परगण्याकडे पाहावे. हा कापसाचा मुलूख. १९४९-५० साली तेथे एका गोऱ्या मुलामागे वर्षाला १७९ डॉलर खर्च होत होते, आणि एका कृष्णवर्णीय मुलामागे ४३. गोऱ्या मुलांना शाळेत नेण्यास ३० मोटारी होत्या. कृष्णवर्णीय मुलांना एकही नव्हती. ती मुले मैलोगणती चालत जात. त्यांच्या पालकांनी वर्गणी काढून एक जुनी मोटार घेतली, पण ती सारखी बंद पडे. तेव्हा लेव्ही पिअर्सन नावाच्या शेतकऱ्याने १९४७ साली शाळामंडळाकडे मोटारीसाठी अर्ज केला. मागणी एवढीच! पण त्या अर्जापायी गावातील दुकानदारांनी आणि पेढ्यांनी त्याची उधारी बंद केली. पुढे त्याने दावा लावला, तो त्याची जमीन नेमकी कोणत्या शाळा-विभागाच्या हद्दीत येते या मुद्द्यावर निकालात निघाला. उधारी बंद होणे म्हणजे काय, हे पेरणीच्या तोंडावर बियाण्यासाठी फिरलेल्या माणसाला वेगळे सांगावयास नको.

त्याच परगण्यातून पुढे मोठा खटला उभा राहिला आणि तसल्याच आणखी चार खटल्यांबरोबर तो सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. १७ मे १९५४ रोजी न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की सार्वजनिक शाळांत वंशावरून मुले वेगळी ठेवणे घटनेविरुद्ध आहे. हा निकाल 'ब्राऊन खटला' म्हणून जगभर गाजला. पुढील वर्षी न्यायालयाने अंमलबजावणीचा हुकूम दिला. पण तारीख मात्र घालून दिली नाही. आणि ज्या हुकुमाला तारीख नसते, त्याचे काय होते, हे आपणांस कचेऱ्यांच्या अनुभवावरून ठाऊक आहेच.

आता आपण आजच्या मुख्य गोष्टीकडे येऊ. त्या आधी एक खुलासा केला पाहिजे. अमेरिकेत शाळा बहुतांशी स्थानिक मंडळे चालवतात. आपल्याकडे पूर्वी जिल्हा लोकल बोर्डाच्या शाळा असत, काहीशी तशीच ही व्यवस्था. व्हर्जिनियात साधारणपणे एका परगण्याचे एक शाळामंडळ असते. पैसा थोडा स्थानिक कराचा, थोडा राज्याचा आणि थोडा केंद्र सरकारचा. म्हणून मुलांना कोणत्या शाळेत घालावयाचे, हे गावातल्या चारचौघांच्या हाती असे.

व्हर्जिनियाची राजधानी रिचमंड. तिच्या पूर्वेला न्यू केंट नावाचा एक परगणा आहे. साठीच्या दशकात तो अगदी खेडवळ होता. वस्ती सारी मिळून सुमारे साडेचार हजार; त्यांतले निम्मे लोक कृष्णवर्णीय. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे. या परगण्यात गोऱ्यांची वस्ती एकीकडे आणि कृष्णवर्णीयांची दुसरीकडे, असा प्रकार नव्हता. दोघेही सर्वत्र मिसळून राहत. शेताला शेत लागून, घराला घर लागून.

परगण्यात शाळा दोनच होत्या, आणि दोन्हींत लहान वर्गांपासून हायस्कूलपर्यंतचे सारे वर्ग भरत. पूर्वेला न्यू केंट शाळा, ती गोऱ्यांची. पश्चिमेला जॉर्ज डब्ल्यू. वॉटकिन्स शाळा, ती कृष्णवर्णीयांची. एकूण मुले सुमारे १,३००. त्यांत कृष्णवर्णीय ७४० आणि गोरी ५५०.

शिक्षक बंधुभगिनींनो, येथे आपण थोडे गणित करू. शंभर मुले धरली, तर त्यांत अदमासे ५७ कृष्णवर्णीय आणि ४३ गोरी. वस्ती मिसळलेली आहे. मग पूर्वेकडील मुले पूर्वेच्या शाळेत आणि पश्चिमेकडील पश्चिमेच्या शाळेत गेली असती, तर दोन्ही शाळांच्या पटावर दोन्ही वंशांची मुले भरपूर दिसली असती. प्रत्यक्षात काय होते? एका शाळेत शंभरापैकी शंभर गोरी, दुसरीत शंभरापैकी शंभर कृष्णवर्णीय. हे आपोआप घडत नाही. ते घडवून आणावे लागते.

कसे घडवीत? मोटारींनी. परगण्यात शाळेच्या २१ मोटारी होत्या. ११ वॉटकिन्स शाळेच्या आणि १० न्यू केंटच्या. दोन्हींच्या मोटारी सबंध परगणाभर, एकाच रस्त्याने, एकामागून एक धावत. एक मोटार एका दारातून गोरे मूल उचली, दुसरी शेजारच्या दारातून कृष्णवर्णीय मूल उचली. पश्चिमेच्या गोऱ्या मुलाला पूर्वेला नेत आणि पूर्वेच्या कृष्णवर्णीय मुलाला पश्चिमेला. म्हणजे मुले वेगळी ठेवण्यासाठी दुप्पट तेल जाळीत आणि तो खर्च साऱ्यांच्या करातून होई.

ब्राऊन निकालाला दहा वर्षे झाली, तरी न्यू केंटमध्ये पट तसाच. मधल्या काळात व्हर्जिनियाने असा कायदा केला होता, की दुसऱ्या शाळेत जावयाचे असेल तर राज्याच्या एका मंडळाकडे अर्ज करावा. १९६४ सालच्या सप्टेंबरपर्यंत न्यू केंटमधून एकाही मुलाने तसा अर्ज केला नाही. त्याच वर्षी अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा झाला. त्यात असे कलम होते, की वंशावरून भेद करणाऱ्या संस्थेला केंद्राचा पैसा मिळणार नाही. आपल्याकडे मुंबई सरकारने १९२३ साली ठराव केला होता, की अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना प्रवेश नाकारणाऱ्या शाळेला अनुदान देऊ नये. दोन देश, दोन काळ, पण उपाय एकच: उपदेशाने न हलणारे मंडळ पैशाची नळी आवळली की हलते.

हलते, पण कसे हलते ते पाहा. केंद्राचा पैसा जाऊ नये म्हणून न्यू केंटच्या मंडळाने १९६५ च्या ऑगस्टमध्ये नवी योजना काढली. तिचे नाव मोठे गोड होते: निवडीचे स्वातंत्र्य. दर वर्षी ज्याने त्याने आपल्या पसंतीची शाळा निवडावी. न निवडल्यास मूल होते त्याच शाळेत राहील. फक्त पहिलीत आणि आठवीत येणाऱ्यांनी निवड केलीच पाहिजे. दार सर्वांना उघडे. कोणाला मज्जाव नाही. याहून न्याय्य ते काय असणार, असे कोणालाही वाटावे.

मग पट पाहिला. पहिल्या वर्षी, १९६५ साली, ३५ कृष्णवर्णीय मुले न्यू केंट शाळेत गेली. १९६६ साली १११. १९६७ साली ११५. आणि त्या तीन वर्षांत वॉटकिन्स शाळेत गेलेली गोरी मुले किती? एकही नाही. शंभरातली ८५ कृष्णवर्णीय मुले होती त्याच शाळेत राहिली.

आता मंडळाचे म्हणणे असे, की ज्याची त्याची पसंती, आम्ही काय करणार? वाचकहो, हा युक्तिवाद नीट ऐकून घ्या, कारण तो आपल्याही कानांवर निरनिराळ्या रूपांत येत असतो. 'त्यांनाच यावयाचे नाही', 'त्यांचीच पोरे शाळा सोडतात', 'पालकांनाच आस्था नाही'. पण ज्या मुलखात साध्या मोटारीच्या अर्जाने शेतकऱ्याची उधारी तुटते, तेथे निवडीचा अर्ज भरावयाला काय लागत असेल? क्लॅरेंडनच्या खटल्याला ज्यांचे नाव पडले, ते हॅरी ब्रिग्ज पेट्रोल पंपावर नोकरीस होते. ती नोकरी गेली. त्यांच्या पत्नीचेही काम गेले. ही हकीगत दक्षिणेत घरोघर ठाऊक होती. गोऱ्याच्या शेतावर राबणाऱ्या, गोऱ्याच्या दुकानातून उधार आणणाऱ्या बापाने आपल्या सहा-सात वर्षांच्या पोरीला गोऱ्यांच्या मोटारीत एकटीला बसवावे, आणि तेही दर वर्षी नव्याने ठरवून! अशा स्थितीत कागदावरील निवड आणि खरी निवड यांत जमीनअस्मानाचे अंतर पडते.

न्यू केंटमध्ये डॉ. कॅल्व्हिन ग्रीन हे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या राष्ट्रीय संघटनेच्या तेथील शाखेचे अध्यक्ष होते. त्यांच्या पुढाकाराने, त्यांचा मुलगा चार्ल्स याच्या नावाने, १९६५ सालच्या मार्चमध्येच मंडळावर दावा लावला होता. खालच्या न्यायालयांनी मंडळाची योजना मान्य केली. शेवटी खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २७ मे १९६८ रोजी निकाल लागला. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी तो लिहिला. मतभेद कोणाचाच नव्हता.

न्यायालयाने मंडळाच्या हेतूंवर व्याख्यान दिले नाही. त्याने पट पाहिला. ७४०, ५५०, ११५, शून्य. मोटारी २१. एवढ्या आकड्यांवरून त्याने असा निष्कर्ष काढला, की येथे अजून एक गोऱ्यांची शाळा आहे आणि एक कृष्णवर्णीयांची शाळा आहे. नुसत्या शाळा अशा नाहीतच. ही दुहेरी व्यवस्था मंडळाने उभी केली, तेव्हा ती मोडण्याचे ओझेही मंडळाचेच. ते मुलांच्या आणि आईबापांच्या खांद्यांवर टाकून मंडळाला मोकळे होता येणार नाही. योजनेचे नाव काय आहे याला महत्त्व नाही. तिने काम होते की नाही, आणि ते आता होते की नाही, हे पाहिले पाहिजे. या निकालावरून पुढे न्यायालये सहा गोष्टी तपासू लागली: पटावरील मुले, शिक्षक, इतर नोकरवर्ग, वाहतूक, खेळ व इतर उपक्रम, आणि इमारती. दप्तर तपासावयास आलेल्या अधिकाऱ्याने एकच वही न पाहता सहाही वह्या मागवाव्यात, तसा हा प्रकार.

१९६९ साली न्यू केंटमधील दोन शाळांची वाटणी बदलली. सगळ्या मोठ्या मुलांसाठी न्यू केंट हायस्कूल, आणि सगळ्या लहान मुलांसाठी वॉटकिन्स शाळा. आता वेगळे राहावयाचे म्हटले तरी सोय उरली नाही. याचा परिणाम साऱ्या दक्षिणेत झाला. १९६४ साली दक्षिणेत शंभर कृष्णवर्णीय मुलांपैकी जेमतेम दोन मुले गोऱ्यांची बहुसंख्या असलेल्या शाळांत होती. १९६८ साली ती २३ झाली आणि १९७० साली ३३. चौदा वर्षे जे घडले नव्हते, ते दोन-चार वर्षांत घडले.

परंतु गोष्ट येथे 'सुखाने नांदू लागले' म्हणून संपवली, तर मी आपणांशी प्रामाणिक राहिलो नाही असे होईल. शाळा एक करताना बहुधा कृष्णवर्णीयांचीच शाळा मोडली वा खालच्या दर्जाची केली गेली. दक्षिणेत हजारो कृष्णवर्णीय शिक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. कित्येक ठिकाणी गोऱ्या पालकांनी खासगी शाळा काढल्या. क्लॅरेंडनमधील समरटन गावी, जेथून हा लढा सुरू झाला तेथेच, १९६५ साली गोऱ्यांसाठी खासगी शाळा निघाली आणि सार्वजनिक शाळेत बहुतेक कृष्णवर्णीय मुलेच उरली. दक्षिणेतील ते प्रमाण १९८८ च्या सुमारास शंभरात ४४ पर्यंत चढले होते. न्यायालये एकेक करून देखरेख सोडत गेली, आणि २०११ साली ते पुन्हा २३ वर आले. कोठे चढले आणि कोठे उतरले, हे आपणांस आज सांगता येते ते एवढ्याचसाठी, की कोणीतरी दर वर्षी मोजीत होते.

मोजण्याचेही एक शास्त्र आहे, हे विसरू नये. अमेरिकेत २०१०-११ पासून पटावरील रकाने बदलले. मूळ लॅटिन अमेरिकेचे कुटुंब आहे काय, हा प्रश्न आधी वेगळा विचारू लागले, आणि 'एकाहून अधिक वंश' असा नवा रकाना आला. त्या वर्षी काही विभागांत आकडे एकदम हलले. मुले मात्र तीच होती. पालकांनी काहीच लिहिले नाही, तर शेवटचा उपाय म्हणून शाळेतील माणसाने पाहून ठरवावे, असाही नियम आहे. म्हणजे तेथेही कोणा मुख्याध्यापकाचा हात रकान्यापाशी थबकत असेलच! दुसरे असे, की प्रमाण बदलले म्हणजे अन्याय झालाच, असेही नाही. न्यू केंट आता रिचमंडचे उपनगर होऊ पाहत आहे. साडेचार हजारांची वस्ती २०२० सालच्या शिरगणतीत २२ हजारांवर गेली, आणि नवे येणारे बहुतांशी गोरे. कृष्णवर्णीयांचे प्रमाण तेथे खाली आले ते नव्या घरांमुळे. आकडा पाहून रागावण्याआधी त्याचे कारण शोधले पाहिजे, आणि कारण शोधण्यासाठी आधी आकडा पाहिजे.

आता आपल्या मुख्याध्यापकांच्या प्रश्नाकडे वळू. तेथील वंश आणि आपल्याकडील जात या एकच वस्तू नाहीत. त्यांची सरसकट सांगड मी घालणार नाही. पण शाळेचा पट दोन्हीकडे सारखाच बोलतो. जातीच्या रकान्याचा उपयोग मुलाला ओळखण्यासाठी करावयाचा नाही. आपली शाळा कशी आहे, ते ओळखण्यासाठी करावयाचा. म्हणून तो वर्गात मोठ्याने वाचू नये, मुलाला उभे करून विचारू नये, शिष्यवृत्तीचा अर्ज देताना चारचौघांत पुकारा करू नये. मुलाच्या वाट्याला त्या रकान्याचा चटका येता कामा नये.

मात्र वर्षातून एकदा शाळा सुटल्यावर दार लोटून घ्यावे आणि तीन हिशेब मांडावेत. पहिला: गावातील सहा ते चौदा वर्षांची मुले आणि पटावरील मुले, वस्तीवार. कोणत्या वस्तीतील मुले पटावर कमी पडतात? वाडीकडचा ओढा पावसाळ्यात आडवा येतो काय? दुसरा: पहिलीच्या पटावर असलेली मुले आठवी-दहावीपर्यंत किती उरली, आणि गळाली ती कोणाची? ऊसतोडीला कोण गेले, भावंडे सांभाळायला कोण राहिली? तिसरा: गावची शाळा सोडून तालुक्याच्या शाळेत गाडीने जाणारी मुले कोणाची, आणि मागे राहिलेली कोणाची? तिसरा हिशेब मांडताना समरटनची आठवण ठेवावी. येथे कोणी कोणाला अडवलेले नसते. ज्याची त्याची निवड असते. तरीही काही वर्षांनी एक शाळा एका प्रकारच्या मुलांची आणि दुसरी दुसऱ्या प्रकारच्या मुलांची होऊन बसते.

हिशेब जुळला नाही, तर पहिला प्रश्न आईबापांना विचारू नये. तो शाळेला विचारावा, शाळा समितीला विचारावा, पंचायतीला विचारावा. न्यू केंटच्या निकालाचे सार एवढेच आहे, की दार उघडे आहे असे म्हणणे पुरेसे नाही; आत कोण आले, ते मोजावयाचे असते, आणि न आलेल्यांची जबाबदारी दार राखणाऱ्यांवर असते.

पुढल्या खेपेस त्या गावी गेलो तेव्हा हे सारे मी मुख्याध्यापकांना सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग कपाटातून मागील दहा वर्षांची रजिस्टरे काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "बसा सर. वाडीवरच्या पोरांपासून सुरुवात करू."

दिवेलागणीपर्यंत आम्ही दोघे मोजीत बसलो होतो.